कलावंतांच्या प्रचार-चित्रफिती आणि मतदार : शिरूर पट्ट्यातील प्रकल्प नोंदी

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार

काल निवडणूक आयोगाने विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला. २८८ जागांसाठी २० नोव्हेंबरला एकाच टप्प्यात मतदान आणि २३ तारखेला मतमोजणी होईल. त्यामुळे उन्हाळ्यापासून कागदावर असलेला आमचा प्रकल्प आजपासून प्रत्यक्षात सुरू होत आहे. प्रश्न एकच आहे : प्रसिद्ध कलावंताचा चेहरा असलेली प्रचाराची चित्रफीत समोर आली की मतदार तिच्यात नेमके काय पाहतो, काय बाजूला ठेवतो आणि त्यातले किती त्याच्या मताच्या निर्णयापर्यंत पोहोचते?

क्षेत्र म्हणून शिरूर लोकसभा मतदारसंघातील जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर हे सहा विधानसभा मतदारसंघ निवडले आहेत. डॉ. अमोल कोल्हे यांनी दूरचित्रवाणीवर छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका साकारली आणि २०१९ मध्ये याच पट्ट्यातून, सलग तीनदा खासदार राहिलेल्या शिवाजीराव आढळराव पाटील यांना हरवून ते लोकसभेत गेले. यंदा जूनमध्ये ते सुमारे १ लाख ४० हजार मतांनी पुन्हा निवडून आले. आता विधानसभेला ते स्वतः उमेदवार नाहीत, महाविकास आघाडीच्या उमेदवारांसाठी मत मागणार आहेत. चेहऱ्यावरची माया दुसऱ्याच्या चिन्हाकडे वळते का, हे तपासायला याहून योग्य जागा आम्हाला सापडली नाही. ते कलावंत आहेत तसेच पाच वर्षे काम केलेले लोकप्रतिनिधीही आहेत, ही गुंतागुंत मात्र प्रत्येक मुलाखतीत लक्षात ठेवावी लागेल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चित्रफितींची निवड झाली. पाच गट केले आहेत. राजकारणात उतरलेले कलावंत हा पहिला गट. त्यात मार्चमध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत आलेले गोविंदा आणि याच महिन्यात अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत आलेले सयाजी शिंदे यांचाही विचार करावा लागतो. दुसरा गट म्हणजे ज्यांचा पक्षाशी उघड संबंध नाही, पण योजनेच्या किंवा पक्षाच्या जाहिरातीत जे काम करतात ते नट-नट्या. तिसरा गट रील बनवणाऱ्यांचा : तालुक्यापुरती प्रसिद्धी असलेली, गावच्या बोलीत विनोद करणारी मुले-मुली. चौथ्यात आयोगाची मतदार-जागृती येते, जिच्यासाठी २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर आणि राजकुमार राव यांची नियुक्ती झाली. पाचवा गट बनावट चित्रफितींचा असून त्याबद्दल स्वतंत्र निर्णय घ्यायचा आहे.

दोन्ही आघाड्यांच्या चित्रफिती सारख्याच संख्येने आणि क्रम बदलत दाखवायच्या, आणि कोणालाही ‘तुम्ही मत कोणाला देणार’ असे विचारायचे नाही, हे ठरले. या दुसऱ्या नियमावर मी आग्रही होतो. तो प्रश्न एकदा विचारला की समोरचा माणूस सावध होतो आणि पुढची सगळी उत्तरे पक्षाच्या बाजूने किंवा विरुद्ध अशीच येऊ लागतात. चित्रफीत बाजूलाच राहते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

हडपसरमध्ये पहिली चाचणी. सकाळी मगरपट्ट्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर आयटीतील तरुण, दुपारी रिक्षाथांबा, संध्याकाळी एका सोसायटीचे आवार.

आज सर्वांत जास्त शिकवले ते एका परिचारिकेने. रात्रपाळीला निघालेली ही पंचविशीतील मुलगी पाच मिनिटे द्यायला तयार झाली. मोबाइल हातात दिल्यावर तिने पहिल्यांदा आवाज बंद केला, मग अंगठ्याने चित्र थांबवले आणि वरच्या कोपऱ्यातले खात्याचे नाव वाचले. नावाखाली आणखी कोणाचे खाते जोडले आहे का, तेही तिने पाहिले. त्यानंतरच आवाज चालू केला. असे का केले, असे विचारल्यावर ती म्हणाली, “आधी कोणाचं आहे ते कळू दे, मग काय म्हणतोय ते ऐकते. नाहीतर उगाच ऐकत बसायचं आणि शेवटी कळायचं की जाहिरात होती.” पुढे दिवसभर आम्ही लोकांच्या बोटांकडे पाहत राहिलो. तरुणांपैकी बहुतेकांची नजर आधी खात्याच्या नावाकडे जात होती. रिक्षाचालकांच्या हातात हीच चित्रफीत व्हॉट्सॲपवरून आलेली होती आणि तिथे खात्याचे नाव नव्हतेच. फक्त ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ हा दुहेरी बाण होता. त्यांनी मग ती कोणत्या ग्रुपवर आली यावरून ती कोणाची असेल ते ठरवले. एकाच चित्रफितीला एका ठिकाणी एका पक्षाची आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या पक्षाची मानणारे लोक आज भेटले.

प्रश्नावलीत ‘ही चित्रफीत कोणी केली असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न नवव्या क्रमांकावर होता. तो पहिल्या क्रमांकावर आणला आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली, काल अर्ज माघारीची मुदतही संपली आणि गावे पुन्हा बोलती झाली. आजचा दिवस आंबेगाव तालुक्यातल्या मंचरला, कांद्याच्या बाजाराजवळ.

इथे चेहऱ्यावरचे प्रेम खरे आहे आणि ते कोणीही लपवत नाही. संभाजी महाराजांच्या भूमिकेतील आवाज कानावर पडताच कट्ट्यावर बसलेली माणसे उठून मोबाइलभोवती गोळा झाली. साठीच्या एका शेतकऱ्याने डोक्यावरची टोपी नीट केली, हे मी स्वतः पाहिले. पण तोच आवाज उमेदवाराचे नाव घेऊ लागला तेव्हा तिथल्या माणसांची बसण्याची पद्धतच बदलली. दोघे मागे सरकले आणि एकाने शेजाऱ्याशी भावाची चर्चा सुरू केली. त्या शेतकऱ्याला नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, “राजांचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, त्यात खोटं नाय. पण मत द्यायचं ते बोगद्याचं काय होणार ते बघून. डिंभ्याचं पाणी तिकडं गेलं तर आमच्या पोरांनी काय करायचं?”

डिंभे धरणातून माणिकडोह धरणाकडे पाणी न्यायच्या बोगद्याचा वाद या तालुक्यात सध्या प्रत्येक बैठकीत निघतो आणि इथले आमदार दिलीप वळसे पाटील यांनी अजित पवार यांच्यासोबत जाण्याच्या आपल्या निर्णयाचे एक कारण म्हणून तोच सांगितला आहे. आम्ही मुद्दाम दोन चित्रफिती पाठोपाठ दाखवल्या. एकीत कलावंत इतिहास, स्वाभिमान आणि निष्ठा यांबद्दल बोलतो, तर दुसरीत तोच कलावंत कांद्याची निर्यातबंदी आणि निर्यातशुल्क यांबद्दल बोलतो. पहिली संपेपर्यंत सर्वांनी पाहिली आणि कोणीही प्रश्न विचारला नाही. दुसरी अर्ध्यातच थांबवून लोकांनी तिच्याशी वाद घातला : बंदी कोणत्या महिन्यात लागली, मेमध्ये उठली तेव्हा चाळीत किती माल उरला होता, सप्टेंबरमध्ये शुल्क चाळीसवरून वीस टक्के झाले त्याचा फायदा शेतकऱ्याला झाला की व्यापाऱ्याला. मला यातली दुसरी प्रतिक्रिया अधिक मोलाची वाटते. भारावून ऐकणारा माणूस प्रेक्षक असतो. जो थांबवून तपासतो, तो त्या वेळी मतदार म्हणून वागत असतो. यापुढे ‘आवडली का’ यापेक्षा ‘कुठे थांबवली आणि काय विचारले’ ही नोंद मुख्य धरायची.

आवाजाशिवाय केलेल्या प्रयोगात उलट घडले. आवाज नसला की लोक फेटा, शाल, मागचा किल्ला आणि गाडी यांवर बोलतात. चेहरा झाकून फक्त आवाज ऐकवला तर आशयावर बोलतात.

९ नोव्हेंबर, शनिवार

खेड तालुक्यातील एका गावात बचत गटाची बैठक. परवानगी अध्यक्षा ताईंनी दिली, त्यांचे नाव इथे लिहीत नाही.

गेल्या चार-पाच दिवसांत दोन्ही बाजूंनी महिलांसाठीचे आकडे वाढवले आहेत. लाडकी बहीण योजनेत सध्या महिन्याला १,५०० रुपये मिळतात. महायुतीने २,१०० आणि महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले आहे. चित्रफितीही त्यावरच्याच आहेत. एका जाहिरातीत मालिकांमधून ओळखीची झालेली अभिनेत्री चुलीपुढे बसून पैसे मिळाल्याचे सांगते, तर दुसरीत अनोळखी चेहऱ्याची बाई तेच सांगते.

पहिली पाहून बायका हसल्या. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता. ओळखीची मुलगी दिसल्याचा आनंद होता. तिने मालिकेत सासू कशी सहन केली यावर दोन मिनिटे बोलणे झाले. मग एकीने विचारले, “हिला मिळतात का पंधराशे? अडीच लाखांच्या आत उत्पन्न आहे का हिचं?” यावर सगळ्या गंभीर झाल्या. दुसऱ्या जाहिरातीतील बाई खरी लाभार्थी आहे की नटी, यावर मात्र बराच वेळ वाद चालला. तिच्या हातावरच्या बांगड्या, पदर घेण्याची पद्धत, भाकरी थापताना बोटांची हालचाल, सगळे पाहून एका वयस्क मावशींनी निर्णय दिला की, “ही कामाची बाई नाय, भाकरी उलटताना हात मागं घेते.” बैठकीतील बहुतेकींनी तो मान्य केला. त्यानंतर त्या जाहिरातीवर कोणाचाही विश्वास राहिला नाही. ओळखीच्या अभिनेत्रीला त्यांनी अभिनेत्री म्हणून माफ केले होते, परंतु अनोळखी बाईने आपल्यातली असल्याचे भासवले, ही गोष्ट त्यांना लागली.

योजनेबद्दलचे मत मात्र दोन्ही जाहिरातींमुळे तसूभरही बदलले नाही. पैसे ज्यांच्या खात्यात आले त्या समाधानी होत्या. ज्यांचे आधार बँक खात्याशी जोडलेले नव्हते आणि म्हणून अडकले, त्या नाराज होत्या. पासबुकात काय आहे ते त्यांना पाठ होते.

मोठ्या पडद्यावर दिसणाऱ्या कलावंतांबद्दल गावागावांत ‘सुपारी घेतली असेल’ हे सहजपणे, राग न धरता बोलले जाते. रील करणाऱ्या तालुक्यातल्या मुलाने पैसे घेतले असतील असे कळल्यावर मात्र त्याच लोकांना वाईट वाटते. तो जवळचा आहे म्हणून त्याने निदान सांगून घ्यावे, अशी अपेक्षा आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून पसरवलेल्या राजकीय जाहिरातीला ‘खर्च कोणी केला’ ही ओळ लावावी लागते. पण निर्मात्याने आपल्या खात्यावर साधी पोस्ट म्हणून टाकलेली चित्रफीत अशा जाहिरातींच्या, कंपनीने ठेवलेल्या खुल्या संग्रहात दिसत नाही. या फटीबद्दल कोणाही प्रतिसादकाला माहिती नव्हती, पण तिचा परिणाम सर्वांना जाणवत होता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बनावट चित्रफितींचा गट. त्या दाखवायच्या नाहीत, असे एकमताने ठरवले. दाखवून नंतर ‘खोटी आहे’ असे सांगितले तरी डोळ्यांपुढे राहते ती चित्रफीत. त्याऐवजी एप्रिलमधील दोन घटनांबद्दल विचारले. लोकसभेच्या वेळी आमिर खान आणि रणवीर सिंग पंतप्रधानांवर टीका करून काँग्रेसला मत द्या असे सांगत आहेत, अशा चित्रफिती फिरल्या होत्या. दोन्ही खऱ्या चित्रणावर बनावट आवाज चढवून केलेल्या होत्या. आमिर खान यांची जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या झलकेवरून, तर रणवीर सिंग यांची वाराणसीतील मुलाखतीवरून. दोघांनीही पोलिसांत तक्रार केली. मे महिन्यात आयोगाने पक्षांना अशा चित्रफिती लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढण्याची सूचना दिली.

भोसरीतील कारखान्याच्या उपाहारगृहात झालेल्या गटचर्चेत दोन प्रतिक्रिया निघाल्या आणि दोन्ही चिंतेच्या आहेत. काही जण म्हणाले की, आवाज खोटा असला तरी बोलणे खरेच आहे ना, मग काय बिघडले. दुसरे काही म्हणाले की, आता कोणताच व्हिडिओ खरा धरायचा नाही. या दुसऱ्या गटाला आम्ही आयोगाची मतदार-जागृतीची चित्रफीत दाखवली, तर तिच्यातील सचिन तेंडुलकरही त्यांना आधी संशयास्पद वाटला. बनावट चित्रफितीने एका पक्षाचे नुकसान होते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती शहाण्या, सावध माणसाचा खऱ्या माहितीवरचा विश्वासही काढून घेते, आणि हे नुकसान मतमोजणीत कुठेच दिसत नाही.

याच काळात एका वेगळ्या प्रकाराची तक्रार काँग्रेसने आयोगाकडे केली आहे : मराठी मालिकांच्या दृश्यांत शिंदे यांच्या शिवसेनेची जाहिरात मागे फलकाच्या रूपाने दाखवली गेल्याची. आमच्या बचत गटातील एका ताईंनी असे दृश्य पाहिल्याचे सांगितले. ती जाहिरात असू शकते, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सायंकाळी सहा वाजता जाहीर प्रचार संपला आणि आमचे चित्रफिती दाखवणेही थांबवले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत चित्रपट, दूरचित्रवाणी किंवा तत्सम साधनांनी निवडणूकविषयक मजकूर लोकांना दाखवता येत नाही. आमचा हेतू अभ्यासाचा असला तरी समोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ती चित्रफीतच असते, म्हणून कोणताही अपवाद ठेवला नाही.

संध्याकाळी नोंदी लावताना मंचरहून आणलेले एक छापील पत्रक हाती आले. खालच्या कडेला मुद्रकाचे नाव, प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि प्रतींची संख्या. कलम १२७अ प्रमाणे मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता दिल्याशिवाय निवडणुकीचे पत्रक छापताच येत नाही. गावातल्या छापखान्यात पाचशे प्रती काढणाऱ्या कार्यकर्त्याला हा नियम पाठ असतो. आणि इथे लाखो मोबाइलवर पोहोचणारी, प्रसिद्ध चेहऱ्याची चित्रफीत एका फॉरवर्डमध्ये आपली सगळी ओळख गमावते. जाहिराती प्रसिद्ध होण्यापूर्वी तपासून प्रमाणित करणाऱ्या जिल्हा समित्या आहेत, उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरची खाती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागतात, चाळीस लाखांच्या खर्चमर्यादेत प्रचाराचा खर्च दाखवावा लागतो. परंतु हे सारे कार्यालयातल्या कागदांवर राहते. ज्या माणसाला ते कळायला हवे, त्याच्या हातातल्या पडद्यावर त्यातले काहीही येत नाही.

हडपसरच्या परिचारिकेपासून भोसरीच्या कामगारांपर्यंत सर्वांचा पहिला प्रश्न एकच होता : ही चित्रफीत कोणाची? मतदार भोळा आहे आणि चेहऱ्यावर भाळतो, असे शहरातल्या चर्चांमध्ये फार सहज म्हटले जाते. आमच्या नोंदींत असा मतदार क्वचितच आढळला. चेहऱ्यामागे कोण आहे हे जाणून घेण्याची धडपड जवळजवळ प्रत्येकाने केली, आणि प्रत्येकाला ती स्वतःच्या अंदाजावर करावी लागली. हे मला अन्यायाचे वाटते.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. कोणतेही काम केले नाही. मोबाइलवर सकाळपासून चित्रफिती येतच होत्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

निकाल काल लागले. राज्यात ६६.०५ टक्के मतदान झाले, १९९५ नंतरचे सर्वाधिक. महायुतीला मोठे बहुमत मिळाले.

आमच्या सहा मतदारसंघांपैकी खेड-आळंदीत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे बाबाजी काळे निवडून आले. बाकी पाच ठिकाणी महाविकास आघाडीचे उमेदवार हरले. जुन्नरमध्ये अपक्ष शरद सोनवणे जिंकले. म्हणजे जूनमध्ये ज्या पट्ट्याने कोल्हे यांना घसघशीत आघाडी दिली, त्याच पट्ट्याने पाच महिन्यांत त्यांनी ज्यांच्यासाठी मते मागितली त्यांपैकी बहुतेकांना नाकारले. यावरून चित्रफिती निष्फळ ठरल्या, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. लाडकी बहीण योजना, स्थानिक गट, बंडखोरी, उमेदवाराची स्वतःची पकड अशी अनेक कारणे एकत्र काम करत होती. एवढे मात्र आमच्या मुलाखतींशी जुळते की, ओढ त्या माणसापुरती होती आणि लोक ती दुसऱ्याच्या नावावर करायला तयार नव्हते.

मुंबईतील वर्सोव्याचा आकडा याहून ठळक आहे. इन्स्टाग्रामवर पन्नास लाखांहून अधिक अनुयायी असलेले अभिनेते एजाज खान तिथे उमेदवार होते आणि त्यांना १५५ मते मिळाली. ‘नोटा’ला त्याहून कितीतरी अधिक. अनुयायी जगभर विखुरलेले असतात, मतदार यादी एका मतदारसंघाची असते. शिवाय पाहण्यासाठी काहीच मोजावे लागत नाही, मत देताना मात्र माणूस पुढच्या पाच वर्षांचा विचार करतो.

आंबेगावचा निकाल आमच्या दुसऱ्या एका निरीक्षणावर प्रकाश टाकतो. दिलीप वळसे पाटील तिथे दीड हजारांच्या आसपासच्या फरकाने जिंकले आणि प्रतिस्पर्धी देवदत्त निकम यांच्याशी नामसाधर्म्य असलेल्या अपक्षाला त्या फरकापेक्षा जास्त मते पडली. चित्रफीत संपल्यावर ‘शेवटी कोणते चिन्ह दिसले’ असे आम्ही विचारत असू, तेव्हा कलावंताचे नाव सर्वांना आठवत असे, चिन्ह मात्र अनेकांना नीट सांगता येत नसे. चिन्ह अखेरच्या दोन-तीन सेकंदांत येत असे आणि लोक तोवर मोबाइल परत करत असत. प्रसिद्ध चेहरा पडद्यावर असला की बाकी मजकुरासाठी जागाच उरत नाही, हे प्रचार करणाऱ्यांनीही ध्यानात घेण्यासारखे आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

नोंदींचे वर्गीकरण पूर्ण होत आले आहे. महापालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका दीर्घकाळ रखडलेल्या आहेत. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. त्या जाहीर होण्यापूर्वी आयोगाला एक निवेदन देण्याचे ठरले आहे. मागणी मर्यादित ठेवली आहे : प्रचाराच्या प्रत्येक चित्रफितीवर, ती चालू असेपर्यंत सर्व वेळ, मूळ चित्राचाच भाग म्हणून एक पट्टी असावी. तिच्यावर खर्च करणाऱ्याचे नाव, कोणत्या उमेदवारासाठी किंवा पक्षासाठी आहे ते, आणि कलावंताने मानधन घेतले आहे की नाही, या तीन गोष्टी मराठीत असाव्यात. खात्याखालची ओळ फॉरवर्ड करताना गळून पडते. चित्रातच कोरलेली पट्टी गळणार नाही.

तीन आकारांच्या अक्षरांतील नमुना-पट्ट्या तयार करून आज त्या मंचरच्या बाजारात भर उन्हात, जुन्या आणि कमी उजेडाच्या मोबाइलवर दाखवल्या. सर्वांत लहान अक्षरे चष्मा नसलेल्यांना वाचता आली नाहीत, आणि मधल्या आकारात ‘मानधन’ हा भाग दुसऱ्या ओळीवर जाऊन कलावंताच्या हनुवटीखाली झाकला गेला. मोठा आकार कायम ठेवून मजकूर कमी करायचा आहे. सोमवारी नवा नमुना करून तो आधी बचत गटातील त्या मावशींना दाखवायचा.